दुसऱ्या दिवसाचं कारण

शहापूर, जि. भंडारा
सोमवार, २१ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप दाविदमामा यांस,

आपला एकुलता एक आणि सध्या निकामी भाचा अव्नेर याचा शालोम व साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालणं आपल्या यहुदी लोकांत बसत नाही हे मला ठाऊक आहे. पण मराठी पत्रात घालायची रीत आहे, आणि रीत का आहे हे विचारायचं नसतं, एवढं मी या महिन्यात पुरतं शिकलो.) तुमची साखर आटोक्यात असेल, मामीचा गुडघा वळत असेल, इस्रायलात तुमच्या दिमोनाला उन्हाळा लागला असेल. तिकडची बातमी टीव्हीवर लागली की आई रिमोट उशीखाली ठेवून देते, म्हणून तुमचं बरं आहे असंच धरून चालतो. इकडचं विचाराल तर आई बरी आहे, आजोबा, म्हणजे आईचे सासरे, ब्याऐंशीचे असून माझ्यापेक्षा बरे आहेत, आणि मी बरा नाही. ताप नाही, खोकला नाही, डॉक्टरला दाखवावं असं अंगावर काही नाही. जेवण जातं. झोपही येते, हे तर त्याहून वाईट. पुस्तकांतल्या दुःखी माणसांना ती येत नाही. फोन केला नाही कारण फोनवर तुम्ही दोन मिनिटांत 'आईला दे' म्हणता. पत्राला तसं म्हणता येत नाही.

आधी कॉलेजचं सांगून टाकतो, कारण आईने तुम्हाला 'अव्नेरने जरा ब्रेक घेतला' असं कळवलंय. ब्रेक वगैरे काही नाही, मी कॉलेज सोडलं. तिसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा शनिवारी लावली. मी सरांना म्हटलं, शनिवारी मी लिहीत नाही. सर वाईट माणूस नव्हते. म्हणाले, ठीक आहे, कारण सांग, मी वर बोलतो. मी म्हटलं, शनिवार आहे हेच कारण. ते म्हणाले, तो वार झाला, कारण सांग. चाळीस पोरं माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती. सहा दिवसांत जग, सातव्या दिवशी विश्रांती, हे आजोबा सांगतात तेव्हा इतकं सरळ वाटतं. पण भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, दोलकासमोर उभं राहून, ते माझ्या तोंडातून निघेना. मग जे निघालं ते सरांना उद्देशून नव्हतं पण सरांना लागलं, आणि हातातली जर्नल मी खिडकीतून फेकली. (तुम्ही म्हणता माझं डोकं बाबांवर गेलं. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो, त्यामुळे हे मला तपासून पाहता येत नाही.) जर्नल खाली उभ्या असलेल्या एका स्कूटीवर पडली, स्कूटीवर एक मुलगी बसत होती, ती जर्नल घेऊन दोन जिने चढून वर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “अक्षर चांगलं हाये तुझं. नेम खराब हाये.” ती रुचिता. त्या दिवसानंतर मी वर्गात कधी गेलो नाही आणि कॉलेजच्या फाटकावर एकही दिवस गैरहजर राहिलो नाही.

रुचिता आमच्या गावचीच म्हणा. शहापूरच्या पूर्वेला तलाव आहे, तलावाच्या पाळीवरून पुढे धानाच्या बांध्या लागतात आणि बांध्या संपल्या की तिची टोली, म्हणजे वस्ती. तिचे वडील चंद्रकुमार गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर. त्यांचे वडील छप्पन साली नागपूरला गेले आणि परत आले ते बौद्ध होऊन. देव्हारा, नवस, उपास, अंगात येणं, सगळं एका दिवसात सोडलं. गुरुजी हे फार अभिमानाने सांगतात, आणि सांगावंच. घरात गुरुजींची आई पार्वताबाई आहे, ती कमी बोलते आणि सगळं पाहते. आता या घरात नागपूरचा एक इंजिनिअर रुचिताला पाहायला येणार होता. शुक्रवारी, अकरा तारखेला दुपारी, रुचिताने मला पाळीवर बोलावून एका दमात सांगितलं, “चौदा एप्रिलले सारे नातेवाईक घरी राहतात. पाहुणे बारा वाजता येऊन राहिले. तू अकरा वाजता ये अन बाबाशी बोल. मी मधात पडणार नाही. जे बोलायचं थे तूच बोल. नाही आला तर मी समजून जाईन.” मी म्हटलं, येतो. मामा, मी छाती पुढे काढून म्हटलं, येतो. घरी येऊन भिंतीवरचं आपलं कॅलेंडर पाहिलं तेव्हा छाती जागेवर गेली.

तुमच्या तिकडे वल्हांडणाचा मोठा दिवस एकच. आम्हा बाहेरच्यांना दोन. यंदा हिशेब असा बसला की शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ, शब्बाथ संपतो न संपतो तोच सणाचा पहिला दिवस, तो रविवारी बुडाला की दुसरा, आणि तो दुसरा म्हणजे नेमका सोमवार, चौदा एप्रिल. तीन दिवस फोन नाही, गाडी नाही, सायकल नाही, चालायचं ते गावाच्या शेवटच्या घरापासून दोन हजार हात. तुम्ही दिमोनात राहता, गावातच इतकं गाव आहे की ही हद्द तुम्हाला कधी आडवी आली नसेल. आमच्याकडे मात्र हद्द ही वस्तू आहे, तिला रंग दिलेला आहे. आजोबा पाटबंधारे खात्यात सर्वेअर होते हे तुम्हाला माहीतच आहे. शहापूरला बदली होऊन आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर सरकारी साखळी घेऊन एका रविवारी गावाच्या चारी बाजूंना दोन हजार हात मोजले आणि चुन्याने खुणा केल्या. पूर्वेची खूण तलावाच्या पाळीच्या टोकाला मोहाच्या झाडावर आहे. दर शनिवारी दुपारनंतर आजोबा त्या झाडापर्यंत चालत जातात, खोडाला हात लावतात आणि परत येतात. गावात सगळे त्याला 'बुढ्याची हद्द' म्हणतात. (बकरी हरवली तर 'बुढ्याच्या हद्दीपलीकडे पाय' असा पत्ता देतात. जिल्ह्यात यहुद्यांचं एकच घर आहे, पण भूगोलात आमचा वाटा आहे.) रुचिताचं घर त्या मोहापासून साधारण सतराशे हात पुढे. मी लहानपणापासून त्या झाडाला हात लावून परत फिरत आलोय, आणि माझं सगळं आयुष्य झाडाच्या पलीकडे राहायला आहे.

पण आजोबांनीच लहानपणी मला एक पळवाट शिकवली होती. सण लागण्याआधी हद्दीच्या टोकावर दोन वेळचं जेवण ठेवून यायचं. मग धर्माच्या लेखी तुमचं बिऱ्हाड तिथे, आणि दोन हजार हात तिथून पुढे मोजायचे. मी शुक्रवारी चार वाजता सणासाठी आलेल्या बिनखमिराच्या भाकरींतल्या चार भाकरी काढल्या, दोन उकडलेली अंडी घेतली, स्टीलच्या डब्यात भरून मोहाच्या मुळाशी दगडांत ठेवली, म्हणायचं ते म्हटलं आणि घरी आलो. आईने भाकरी मोजल्या आणि उंदराला शिव्या दिल्या. मामा, मला वाटलं मी जिंकलो. एका जुन्या रीतीला दुसऱ्या जुन्या रीतीने चीत केलं. कॉलेज सोडलेल्या पोराकडून याहून जास्त काय अपेक्षा करता?

सणाच्या रात्री घरातल्या सगळ्यात लहान माणसाने 'ही रात्र वेगळी का' असं विचारायचं असतं. आमच्या घरात सगळ्यात लहान मी, वय एकवीस, दाढी कानापर्यंत. वर्षातून दोन संध्याकाळी मला 'का' विचारायची परवानगी असते, आणि प्रश्नही छापलेला, उत्तरही छापलेलं. रविवारी, दुसऱ्या संध्याकाळी, मी छापलेले चार प्रश्न विचारून झाल्यावर पाचवा विचारला. म्हटलं, आजोबा, कालच सगळं झालं. मिसरातून काल निघालो, समुद्र काल ओलांडला. आज पुन्हा का? आईने माझ्याकडे पाहून डोळे वटारले. आजोबांना मात्र आनंद झाला. त्यांनी सांगितलं की पूर्वी यरुशलेममध्ये नवा चंद्र पाहिलेले साक्षीदार यायचे, मग महिना लागला असं जाहीर व्हायचं, डोंगरांवर जाळ करून बातमी पाठवायचे. वैरी खोटे जाळ करू लागले तेव्हा माणसं धाडू लागले. जिथवर माणूस वेळेत पोचायचा तिथे एक दिवस. त्याच्या पलीकडे, बातमी येईपर्यंत खात्री नाही, म्हणून दोन. मी म्हटलं, आता पंचांग छापून येतं. बातमी फोनवर येते. आजोबा म्हणाले, तेव्हाच्या लोकांनीही हेच विचारलं होतं. त्यांना तिकडून निरोप आला की बापजाद्यांची रीत हातची सोडू नका, उद्या एखाद्या राजाचं डोकं फिरलं आणि पंचांगच नाहीसं झालं तर? मी म्हटलं, राजा राहिला नाही. आजोबा म्हणाले, “डोकं फिरायला राजाच लागतो का? तुझं नाही फिरत?” मग म्हणाले, “कोकणात आपली माणसं या सणाला काय म्हणायची? अनाशी ढाकाचा सण. आंबटाचं भांडं आठ दिवस झाकून ठेवायचं, बस. मिसर माहीत नाही, मोशे माहीत नाही, पुस्तक नाही. कितीतरी पिढ्या कारण विसरून गेल्या, नाव विसरून गेल्या. झाकण विसरल्या नाहीत. म्हणून तू आज इथे बसून मला का विचारतोयस.” मी चिडून पुस्तकाचं पान उलटलं.

आता चौदा तारीख. मी सणाचा पांढरा सदरा घालून, आईला 'फिरून येतो' सांगून, साडेदहाला मोहापाशी पोचलो. झाडाखाली मंगरू बसला होता. हा म्हातारा बकऱ्या राखतो आणि या दिवसांत मोहफुलं वेचतो. माझा डबा त्याच्या मांडीशी, धुऊन पुसून, चांदीसारखा. “तुमचाच होय न गा बापू हा डबा? शनवारी गावला मले. लय वातड भाकर होती. मीठ नाही, तेल नाही. पन अन्न हाये म्हून खाल्ली. फुकट नाही खाल्ली हां, काल सांजच्या पाराले माह्या घरच्या पोया टाकून ठेवल्या त्यात, सुनेनं केल्या.” त्याने झाकण उघडलं. आत चार गव्हाच्या पोळ्या, लुसलुशीत, एकावर एक घडी घालून, आणि वर कांद्याची फोड. मामा, हे काय झालं ते आपल्या माणसालाच कळेल. डब्यातलं माझं जेवण गेलं, म्हणजे माझं बिऱ्हाड गेलं, म्हणजे पुढचे दोन हजार हात गेले. आणि वर ज्या आठ दिवसांत, भिजवून मुरवलेली कणीक आम्ही खमीरच धरतो म्हणून, घरात गव्हाच्या पोळीचा कणसुद्धा ठेवायचा नाही त्या आठ दिवसांत माझ्या मालकीच्या डब्यात चार सबंध पोळ्या. मी एक पाऊल मागे उडी मारली. मंगरू घाबरला. “काहून? इख हाये का त्यात?” मी म्हटलं, विष नाही रे बाबा, खमीर. “थे काय रायते?” मी त्याला म्हटलं, डबा तूच घे, पोळ्या तुझ्या, सगळं तुझं, आत्ताच्या आत्ता तुझं. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. माणूस इतका भला निघेल हे मी योजनेत धरलंच नव्हतं. कुत्र्याने खाल्लं असतं तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

पुढे जायचं की नाही? पाहणारं कोण होतं? मंगरू आणि सतरा बकऱ्या. आजोबा घरी झोपले होते. मीच आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची चिरफाड केली होती. त्यात काही तथ्य नाही हे जिल्ह्यात माझ्याइतकं पटलेला दुसरा माणूस नव्हता. समोर टोलीवर निळे झेंडे लागले होते, लाउडस्पीकरवर जयंतीची गाणी चालू होती. मी उजवा पाय उचलला. आणि मामा, तो पुढे पडेना. मी स्वतःला आईवरून नाही पण आज्यावरून शिवी दिली, तरी पडेना. घोडा अडतो तसा मी अडलो. वर बसून चाबूक मारणाराही मीच.

सव्वाअकराला रुचिता बांधीवरून चालत आली, पांढऱ्या साडीत, मोहापासून वीस पावलांवर थांबली. “आला न तू? मग ये न इकडे. तिथं काय करून राहिला झाडाजवळ?” मी म्हटलं, मला इथून पुढे येता येत नाही. “पाय मोडला का?” नाही म्हटलं. मग मी तिला चंद्र, साक्षीदार, डोंगरावरचे जाळ सगळं सांगितलं, भर उन्हात, ओरडून, कारण गाणी चालू होती. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट कमी होत गेली. “म्हणजे दोन हजार वर्षांमागं कोण्या गावाले निरोप उशिरा भेटला, म्हणून तू आज माह्या बापाशी बोलत नाही?” मी म्हटलं, गुरुजींनाच इथे बोलाव. आता विचार करतो तेव्हा वाटतं की या वाक्यासाठी मला तिथेच झाडाला बांधायला पाहिजे होतं. पण ती गेली, आणि गुरुजींना घेऊन आली. छातीवर निळी फीत, हातात भाषणाचा कागद. आणि त्यांच्या मागून येऊन पुढे झालेली पार्वताबाई. ऐंशीची बाई, अनवाणी, एका हातात पाण्याचा लोटा, दुसऱ्या हातात वाटी. “उन्हात उभा हाये लेकरू. घे, जयंतीची खीर हाये.”

शेवयांची खीर. शेवया गव्हाच्या.

मी म्हटलं, “आजी, मले नाही चालत.” शब्द तोंडातून गेले आणि मग ऐकू आले. गाणं संपलं होतं त्यामुळे सगळ्यांना ऐकू आले. त्या घरच्या बाईने, त्या दिवशी, स्वतःच्या हाताने आणलेली वाटी, आणि मी 'चालत नाही' म्हणालो. गुरुजींचा चेहरा मी पाहिला, मामा. तो रागाचा नव्हता. जुन्या ओळखीचं कोणीतरी दारात दिसावं तसा तो चेहरा होता. हळूच म्हणाले, “आमच्या हातचं चालत नाही का?” मी म्हटलं, नाही नाही, गहू चालत नाही, आईच्या हातचासुद्धा नाही, आठ दिवस, आणि मी पार्वताबाईच्या हातातला लोटा घेऊन सगळा पाण्याचा लोटा तिथेच घटाघटा रिकामा केला, सदऱ्यावर सांडत, ठसका लागेपर्यंत. पार्वताबाई हसली. मुलाकडे वळून म्हणाली, “पानी चालते त्याले. बाकी पोटाचं असन.” ती बाई नसती तर मी आज हे पत्र लिहायला नसतो.

गुरुजी निवळले. त्यांनी विचारलं, कशाचा सण? मी सांगितलं, आम्ही मिसरात गुलाम होतो, सुटलो, पीठ फुगायलाही वेळ नव्हता म्हणून तशीच भाकर भाजून निघालो. गुरुजींचे डोळे चमकले. भाषणाचा कागद खिशात घातला. “हे तर लय मोठी गोष्ट हाये बेटा! हे आज स्टेजवरून सांगितली पायजे. गुलामीतून सुटल्याचा दिवस! चाल, माझ्यासंगं चाल, लोकांले सांग.” मी म्हटलं, गुरुजी, सुटल्याचा दिवस काल होता. “मग आज काय हाये?” आज दुसरा. “दुसरा कशाचा?” बातमी उशिरा पोचल्याचा. “आता पोचली न बातमी?” पोचली. “मग?” मामा, या 'मग'चं उत्तर मला आलं नाही. प्रयोगशाळेत आलं नव्हतं, मोहाखालीही आलं नाही. मी म्हटलं, “रीत आहे, गुरुजी.” त्यांनी मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला (ते हद्द ओलांडून आले होते, त्यांना हद्द नव्हती), आणि म्हणाले, “मोठ्या मनानं विचार कर. माह्या बापानं एका दिवसात सोडल्या सगळ्या रीती. तुले एक दिवस नाही सोडता येत?” तेवढ्यात टोलीवर गाडी आली. पाहुणे वेळेआधी आले होते. सगळे गेले. रुचिता वळूनही न पाहता गेली. मी मोहाखाली मंगरूच्या बकऱ्यांत दीड तास बसलो, आणि मंगरूने माझ्यासमोर एक पोळी कांद्याबरोबर खाल्ली, कारण ती आता त्याची होती.

संध्याकाळी तीन तारे दिसले, सण सुटला, तेव्हा मी आजोबांना सगळं सांगितलं. रुचिताचंही. म्हटलं जळायचं ते एकदाच जळू दे. मला वाटलं आता जातीधर्माचं निघणार. त्यांनी विचारलं, “मोहापाशी थांबलास? खुणेपाशी?” हो म्हटलं. “गाढवा. हद्द शेवटच्या घरापासून मोजतात. मी खूण केली तेव्हा शेवटचं घर बाबुलाल तेल्याचं होतं. आता घरकुलं कुठवर गेलीत? मोहाच्या दोनशे हात अलीकडे. तिथून मोज.” मी मोजलं, मनातल्या मनात, उभ्या जागी. मोहापुढे अठराशे हात. रुचिताचं दार सतराशेवर. डबा लागतच नव्हता, मामा. ना भाकरी, ना पळवाट, ना मंगरू. मी थेट तिच्या ओसरीत जाऊन बसू शकत होतो, धर्माला धक्का न लावता, अजून शंभर हात शिल्लक ठेवून. मी ओरडलो, “मग तुम्ही दर शनिवारी तिथूनच का परत येता?” आजोबांना प्रश्न कळलाच नाही असं वाटलं. मग म्हणाले, “मी तिथूनच परत येतो.” एवढंच. रुचिताविषयी एवढंच म्हणाले की तिचं मग पाहू, आधी मोजायला शीक.

मंगळवारी सकाळी रुचिता पाळीवर भेटली. मी मूर्खासारखं हेही सांगितलं, मला वाटलं तिला हसू येईल. “म्हणजे येता येत होतं?” हो. “कोणी अडवलं नव्हतं?” नाही. “अन तरी तू नाही आला.” नाही. मग ती बोलली ते मी तसंच्या तसं लिहितो. “आजीनं तुले माफ केलं. खिरीचं मलेही समजलं. पण रेषेचं नाही समजलं. आमच्या लोकांनी रेषा लय पाहिल्या अव्नेर. विहिरीजवळ पाहिल्या, देवळाजवळ पाहिल्या. पलीकडच्याले कारण विचारलं तर तो काय म्हणे? रीत हाये म्हणे. काल तू तोच शब्द म्हटला, माह्या बापाले, माह्या घराच्या वाटेवर.” मी म्हटलं, माझी रेषा मलाच अडवते, तुम्हाला नाही. ती म्हणाली, “हे थोडं बरं हाये. पण हे कारण नाही. बाबा पाहुण्याले बुद्ध पौर्णिमेले उत्तर देतात, बारा मेले. तवापर्यंत मले एक कारण सांग. आजोबाचं नको, पुस्तकातलं नको. तुझं.” आणि स्कूटी चालू करून गेली. पाहुण्यांना मुलगी पसंत आहे. ती कोणाला नसणार!

तर मामा, मी ठरवलंय. जे दुसऱ्या दिवसाने माझं केलं ते वैऱ्याने केलं नसतं. यापुढे मी सण एकच दिवस पाळणार, तुमच्यासारखा, डोकं ताठ ठेवून. ज्याचं कारण मेलं त्याला खांद्यावर घेऊन किती फिरायचं? त्या मोहावरची खूणही मी खरवडून टाकणार आहे. आजोबांना अजून सांगितलेलं नाही. शनिवार गेला की सांगीन. मामीला शालोम. शारोन आणि नोआ यांना आशीर्वाद द्यायला मी मोठा नाही, म्हणून नुसतं प्रेम.

आपला,
अव्नेर

ता. क. १. आईला हे पत्र आल्याचं कळवू नका. विचारलंच तर मी नोकरीविषयी लिहिलं होतं असं सांगा.

ता. क. २. खरं काम आता लिहितो. वर मी लिहिलं की तुमच्यासारखा एकच दिवस पाळीन. पण परवा आई सहज बोलून गेली की तुम्ही तिकडे जाऊन एकतीस वर्षं झाली, तिथे दुसरा दिवस साधा कामाचा दिवस, बसगाड्या चालू, दुकानं उघडी, आणि तरी तुम्ही दर वर्षी त्या दिवशी 'पोटात बरं नाही' म्हणून कारखान्यात रजा टाकता, दाढी करत नाही, गाडीत बसत नाही, आणि मामीला सांगता की कोणाला बोलू नकोस. (मामीने आईला सांगितलं, एकदा नाही, दर वर्षी.) मामा, तुम्हाला तर कोणी बांधलेलं नाही. तिथे तो दिवसच नाही. तुम्ही का पाळता? ते मला लिहा. दोन ओळी पुरे, पण बारा मेच्या आत, आणि तुमच्या अक्षरात. तुम्हालाही कारण ठाऊक नसेल तर तसंच लिहा, खोटं लिहू नका. मी ते चंद्रकुमार गुरुजींच्या समोर, रुचिताच्या समोर, पार्वताबाईच्या समोर वाचीन. माझ्या शब्दाला तिथे आता किंमत नाही. तुमच्या पोटदुखीला असेल.

ता. क. ३. हे पत्र मी तुम्हाला शनिवारीच लिहिणार होतो. तारे दिसल्याबरोबर तुमच्या हिशेबाने सण संपला होता, मी एक दिवसवाला झालो होतो, टेबलावर कागद मांडला होता, पेनाचं टोपण काढलं होतं. मग रविवार आठवा दिवस आहे, तुमच्याकडे नसलेला, आम्हा बाहेरच्यांचा न लिहायचा दिवस, हे आठवलं, आणि पेनाला टोपण लावून ठेवलं. रविवारभर खिडकीत बसून राहिलो. रुचिताला हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती विचारील, का.